दूरची केंद्रे ओळखण्याचा छंद
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या मंडळात आजवर पाककृती, भरतकाम, बालसंगोपन, घरखर्चाची काटकसर अशा उपयोगी विषयांवर पुष्कळ व्याख्याने झाली. यंदा चिटणीसबाईंनी मला सांगितले, "तुमच्या त्या रेडिओच्या वेडाबद्दल बोला." ज्या छंदातून ना एखादा पदार्थ ताटात पडतो, ना एखादे वस्त्र अंगावर चढते, त्याबद्दल भरल्या सभेत काय बोलावे, असा मला प्रश्न पडला. पण विचार करता असे वाटले की, या छंदाने मला एक शिस्त लावली आहे, आणि ती घरात व बाहेर सगळीकडे कामी येते. ती आपल्यापुढे ठेवण्यासाठीच मी उभी राहिले आहे.

छंद असा. रात्री स्वयंपाकघर आवरले, ओटा पुसला, दूध झाकले की मी माझा लहानसा ट्रान्झिस्टर घेऊन बसते. मध्यम लहरींवर, ज्याला आपण मीडियम वेव्ह म्हणतो तिथे, काटा हळूहळू फिरवते, आणि दूरचे, शक्यतो परदेशातले एखादे केंद्र सापडते का ते पाहते. सापडले की ते कुठले आहे हे केवळ कानाने ऐकून ठरवायचे आणि वहीत नोंद करायची. गाणी ऐकणे हा त्यातला हेतू नाही. गाणे लागले तर उलट मी कंटाळते, कारण गाणे केंद्राचे नाव सांगत नाही! जगभर हा छंद करणारे लोक आहेत. त्याला 'डीएक्सिंग' म्हणतात. 'डीएक्स' ही दोन अक्षरे तारायंत्रवाल्यांनी 'दूर अंतर' या अर्थी वापरलेली खूण होय.

आता कोणी विचारील, दिवसा का नाही? तर त्याला कारण आहे. आपल्या डोक्यावर साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर, सूर्याच्या किरणांमुळे विद्युत्भारित झालेला हवेचा एक थर असतो. मध्यम लहरी वर जाऊ लागल्या की हा थर, ओल्या जमिनीवर टाकलेले फडके पाणी शोषून घेते तसा, त्यांना शोषून घेतो. सूर्य मावळला की हा थर विरून जातो. मग लहरी त्याहून उंच, शंभर किलोमीटरच्याही वर असलेल्या थरांपर्यंत पोचतात आणि तिथून परावर्तित होऊन शेकडो, कधी हजारो किलोमीटर दूर उतरतात. मार्कोनीने 12 डिसेंबर 1901 रोजी अटलांटिकपार खूण ऐकली, तेव्हा पृथ्वी गोल असताना लहर वळली कशी, हे कोणालाच सांगता येईना. दुसऱ्याच वर्षी, 1902 मध्ये, अमेरिकेत केनेली आणि इंग्लंडात हेविसाइड या दोघांनी वेगवेगळे तर्क करून आकाशात असा थर असावा असे सुचवले. 1924 मध्ये अ‍ॅपल्टन यांनी तो प्रयोगाने सिद्ध केला आणि त्यांना 1947 चे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडे कलकत्त्याला शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयाचा जन्मभर अभ्यास केला. वरच्या वातावरणावरचा त्यांचा ग्रंथही 1947 सालचाच.

आपण रायगडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या बायका या बाबतीत भाग्यवान आहोत. खाऱ्या पाण्यावरून मध्यम लहरी जमिनीपेक्षा पुष्कळ कमी क्षीण होतात. त्यामुळे समुद्रापलीकडची केंद्रे आपल्याला घाटावरच्या मैत्रिणींपेक्षा बरी लागतात.

आवाज तर आला. आता तो कोणाचा? खरा छंद इथे सुरू होतो.

पहिली खूण आकड्यांची. आपल्या आशियात, युरोपात आणि आफ्रिकेत मध्यम लहरींवरची केंद्रे नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतराने बसवलेली आहेत. जिनिव्हा येथे 1975 मध्ये तसा करार झाला आणि 23 नोव्हेंबर 1978 पासून तो अमलात आला. ही रांग 531 पासून 1602 पर्यंत जाते, आणि त्यातला प्रत्येक आकडा नऊच्या पाढ्यातला आहे. मुंबईचे 1044 घ्या: एक, शून्य, चार, चार, बेरीज नऊ. मुंबईचेच 558 घ्या: बेरीज अठरा, एक आणि आठ नऊ. पुण्याचे 792 घ्या, तेच. आमच्या नातवाला मी नऊचा पाढा रेडिओवरच पक्का करून दिला. अमेरिका खंडात मात्र ही केंद्रे दहा-दहाच्या अंतराने आहेत. म्हणून युरोपातल्या एखाद्या श्रोत्याला 1010 वर कुजबुज ऐकू आली की तो ताठ होऊन बसतो. 1010 नवाच्या पाढ्यात नाही, तेव्हा हा आवाज बहुधा अटलांटिकपलीकडचा!

दुसरी खूण घड्याळाची, आणि ही मला सर्वांत आवडते. पुष्कळ केंद्रे तासाच्या ठोक्याला 'पीप पीप' असा वेळेचा इशारा देतात. आपले घड्याळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. पाकिस्तान पाच तास, ओमान आणि अमिराती चार तास, बांगलादेश सहा, थायलंड सात. म्हणजे या सर्वांचा तास आपल्या अर्ध्या तासाला वाजतो. आपल्या घड्याळात साडेआठ झाले आणि तासाचा इशारा ऐकू आला, तर ते केंद्र भारतातले नसण्याचाच संभव अधिक. श्रीलंकेचे घड्याळ 2006 पासून पुन्हा आपल्याबरोबरच चालते, म्हणून तिथे ही खूण उपयोगाची नाही. इराण, अफगाणिस्तान आणि म्यानमार यांचे तासही आपल्या तासालाच पडतात. पण नेपाळ? नेपाळचे घड्याळ ग्रिनिचच्या पावणेसहा तास पुढे. आपल्या शेजारात पाऊण तासाच्या ठोक्याला तास वाजणारा तो एकटाच देश आहे.

या खुणेचा मला आलेला अनुभव सांगते. एका हिवाळ्यात एक क्षीण केंद्र मला रोज रात्री लागू लागले. भाषा हिंदीसारखी, पण समजत मात्र नव्हती. घरातल्या मंडळींनी ऐकले आणि लगेच निकाल दिला, "बिहारकडचे काहीतरी असेल, लिहून टाक." मी वहीत वेळ लिहिली, आकडा लिहिला, "बाईचा आवाज, नंतर ढोलकीसारखे वाद्य" एवढे लिहिले, आणि नावाच्या जागी प्रश्नचिन्ह केले. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. तिसऱ्या रात्री आवाज जरा उठला, आणि बरोबर पावणेनऊला तासाचे ठोके ऐकू आले. भगिनींनो, त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला! तरीही मी नाव लिहिले नाही. घड्याळाने देश सांगितला होता. केंद्राने स्वतः अजून तोंड उघडले नव्हते. पुढे सहाव्या रात्री, लहर जराशी वर आली त्या अर्ध्या मिनिटात, निवेदिका स्पष्ट म्हणाली, "यो रेडियो नेपाल हो." मग मी प्रश्नचिन्ह खोडले आणि नाव लिहिले.

तिसरी खूण सूर्याची. अनेक मुसलमानी देशांतली केंद्रे मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची अजान प्रक्षेपित करतात. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते. मार्च किंवा सप्टेंबरच्या विषुवदिनाच्या सुमारास आपल्याकडे सूर्य बुडाल्यावर सुमारे तेवीस-चोवीस मिनिटांनी कराचीला बुडतो, आणि मस्कतला जवळजवळ तासाभराने. तेव्हा आपला दिवा लावून झाल्यावर किती मिनिटांनी अजान ऐकू आली, हे घड्याळात पाहिले की केंद्र कुठल्या रेखांशाच्या आसपास आहे याचा अंदाज येतो. इतर दिवसांत ऋतूप्रमाणे हे अंतर कमीजास्त होते, म्हणून हिशेब थोडा सांभाळून करावा लागतो. आपली सांजवात आणि त्यांची अजान एकाच सूर्याच्या हिशेबाने चालतात, हे मला या छंदामुळे फार जवळून कळले.

चौथी खूण दिशेची. ट्रान्झिस्टरच्या आत एक काळी कांडी असते, तिच्यावर तार गुंडाळलेली असते. हीच मध्यम लहरींची आकाशतार. कांडीची बाजू केंद्राकडे असली की आवाज मोठा येतो, आणि टोक केंद्राकडे झाले की आवाज जवळजवळ नाहीसा होतो. सारा संच चकलीच्या सोऱ्यासारखा हळूहळू फिरवून आवाज कुठे बुडतो ते पाहावे. कांडीची टोके त्या रेषेत आहेत असे समजावे. केंद्र रेषेच्या या बाजूला की त्या बाजूला, हे ती कांडी सांगत नाही. ते भाषेवरून आणि घड्याळावरून ठरवायचे.

शिवाय प्रत्येक केंद्राची धून असते. आपल्या आकाशवाणीची पहाटेची धून आठवा. वॉल्टर कॉफमन नावाचे युरोपातून मुंबईला आश्रयाला आलेले ज्यू संगीतकार होते. 1930 च्या दशकात बांधलेली ही धून त्यांचीच म्हणून ओळखली जाते. आपल्या लेखी ती धून म्हणजे दूधवाल्याची आणि बंबाची वेळ. पण परदेशात कानात यंत्र घालून बसलेल्या एखाद्या श्रोत्याला ती भारताची ओळख पटवते. नेपाळच्या केंद्रासाठी मी सहा रात्री बसले, तसा आपल्या धुनीसाठी कुठेतरी कोणी बसत असेल, या विचाराने मला बरे वाटते.

आता माझ्या वहीबद्दल. वहीत तारीख, ग्रिनिचची वेळ, म्हणजे आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून, मग किलोहर्ट्झ, भाषा आणि जे ऐकले ते. त्यापुढे पाच आकडे. शाळेत पाच विषयांचे गुण असतात तसे: आवाजाचे बळ, दुसऱ्या केंद्राचा उपद्रव, खरखर, लहरींचे चढउतार आणि एकंदर दर्जा, प्रत्येकाला एक ते पाच. हा तपशील केंद्राला पत्राने कळवला आणि तो त्यांच्या कार्यक्रमाशी जुळला, तर अनेक केंद्रे पडताळणीचे कार्ड पाठवतात. त्याला 'क्यूएसएल' म्हणतात. आपली आकाशवाणीही अशी कार्डे देत आली आहे. त्या पत्रात "आपला कार्यक्रम फार आवडला" एवढेच लिहून भागत नाही. त्या क्षणी ऐकणाऱ्यालाच ठाऊक असेल असे काही लिहावे लागते: अमुक मिनिटाला पुरुष बोलला, मग सतार वाजली, मग आवाज बुडाला. स्तुती चालत नाही, पुरावा लागतो.

हा शौक शंभर वर्षांचा जुना आहे. अमेरिकेत 1920 च्या दशकात दूरचे केंद्र ऐकण्याचे वेड इतके होते की, शिकागोतली केंद्रे सोमवारी रात्री आपले प्रक्षेपण काही तास बंद ठेवत, का, तर गावातल्या लोकांना परगावची केंद्रे ऐकता यावीत! शेजाऱ्याला ऐकू यावे म्हणून आपण गप्प बसायचे, असा रिवाज आज कुठे सापडेल? शिकागोच्याच एका कंपनीने 1924 मध्ये, केंद्र ऐकल्याचा पुरावा पाठवला की त्या केंद्राचे तिकीट मिळते आणि ते संग्रहाच्या वहीत चिकटवायचे, अशी टूम काढली होती. आजही फिनलंडच्या उत्तर टोकाला, लॅपलंडात, हिवाळ्यात काही हौशी लोक जाऊन राहतात. तिथे डिसेंबरात सूर्य उगवतच नाही, त्यामुळे लहरी शोषणारा तो थर दिवसाही तयार होत नाही. शेकडो मीटर लांब तारा बर्फातून ओढून ते अमेरिकेतली लहान-लहान केंद्रे ओळखत बसतात.

आमच्या सूनबाईंनी एकदा मला सरळ विचारले, "आई, मोबाईलवर साऱ्या जगाचे रेडिओ नावासकट ऐकू येतात. मग ही खरखर कशाला ऐकायची?" प्रश्न रास्त आहे. मी तिला म्हटले, मोबाईलवर नाव आधी मिळते आणि आवाज मागून येतो. नाव कोणीतरी लिहून ठेवलेले असते. ते खरे म्हणून आपण पुढे जातो. माझ्या रेडिओवर आवाज आधी येतो आणि नाव आपल्याला मिळवावे लागते. भाषा एक सांगते, घड्याळ दुसरे, कांडी तिसरे. ही साक्षीदार मंडळी एकमेकांशी जुळेपर्यंत थांबायचे. घाई होते ती नेमकी इथेच, कारण मनाला नाव हवे असते. एखादे दुर्मीळ केंद्र लागावे अशी इच्छा असली की खरखरीतही त्याचेच नाव ऐकू येऊ लागते! म्हणून जाणत्यांचा नियम असा की, ऐकले तेवढेच लिहावे. पुस्तकात त्या आकड्यापुढे जे नाव छापले आहे, ते आपण ऐकले असे लिहू नये.

मैत्रिणींनो, हा नियम रेडिओपुरता ठेवू नका. कोणाच्या सुनेविषयी, कोणाच्या मुलीविषयी काही कानावर येते. मोबाईलवर सकाळी दहा निरोप येतात, अमुक औषधाने तमुक रोग बरा होतो, अमुक ठिकाणी असे घडले. आपण ते तसेच पुढे ढकलतो. त्या वेळी मनात एक प्रश्नचिन्ह काढावे. हे मी स्वतः ऐकले का? कोणाकडून? वेळ जुळते का? दुसरा साक्षीदार कोण? एखाद्या केंद्राचे नाव चुकले तर माझी वही बिघडते. पण माणसाचे नाव चुकीच्या गोष्टीला जोडले गेले तर त्याचे घर बिघडते. सहा रात्री थांबण्याची सवय लागली की सहा मिनिटे थांबणे जड जात नाही.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे, तीही सांगते. मध्यम लहरींची केंद्रे जगात एकेक करून बंद पडत आहेत. मोठे प्रक्षेपक चालवायला वीज फार लागते आणि श्रोते दुसरीकडे गेले आहेत. स्वित्झर्लंडचे बेरोम्युन्स्टर 2008 च्या डिसेंबरात मध्यम लहरींवरून गेले. जर्मनीच्या राष्ट्रीय केंद्राने 2015 च्या अखेरीस मध्यम लहरी सोडल्या. बीबीसीच्या 'रेडिओ फोर'ने 2024 च्या एप्रिलमध्ये सोडल्या. जपानमध्ये 2024 च्या फेब्रुवारीपासून तेरा खासगी कंपन्यांनी आपली काही केंद्रे मध्यम लहरींवरून प्रायोगिक म्हणून बंद ठेवली. मोठे झाड पडले की खालची रोपे दिसू लागतात, तसे मोठे केंद्र बंद झाले की त्याच्या मागे दडलेले दूरचे केंद्र ऐकू येते, आणि छंदवाल्याला क्षणभर आनंदही होतो. पण हा आनंद वाडा पाडताना जुनी नाणी सापडल्यासारखा आहे.

यात नुसती हौशी माणसांची हळहळ नाही. 3 जून 2020 चे निसर्ग चक्रीवादळ आपण कोणीच विसरलेलो नाही. वीज गेली, ती आपल्याकडे कित्येक गावांत बरेच दिवस आली नाही. मोबाईल मुके झाले. त्या रात्री आमच्या ओट्यावर शेजारच्या पाच-सहा जणी जमल्या होत्या, आणि दोन सेलांवर चालणारा माझा ट्रान्झिस्टर मुंबईच्या बातम्या सांगत होता. मध्यम लहरींचा एक मनोरा आपल्या एकट्याच्या बळावर शेकडो किलोमीटरपर्यंत आवाज पोचवतो. मधले खांब आणि तारा पडल्या तरी त्याला बाधा येत नाही. ज्या घरी चालू स्थितीतला रेडिओ आणि तो लावता येणारे एक माणूस आहे, ते घर अशा रात्री एकटे पडत नाही. आपल्या किती घरांत असे माणूस आज आहे, याचा प्रत्येकीने विचार करावा.

ज्यांना आरंभ करायचा असेल त्यांना चार गोष्टी सांगून पुरे करते. मध्यम लहरी असलेला कोणताही साधा ट्रान्झिस्टर चालतो. बसण्यापूर्वी एलईडी दिवे आणि मोबाईलचे चार्जर बंद करावेत, कारण त्यांची खरखर फार असते. वीज गेली की आळीतली मंडळी हळहळतात आणि मी मात्र लगबगीने गच्चीवर जाते, ते यामुळेच! पावसाळ्यात विजांचा कडकडाट त्रास देतो, म्हणून दिवाळीनंतरच्या रात्री घ्याव्यात. आधी आपली महाराष्ट्रातली केंद्रे ओळखावीत, मग शेजारची राज्ये, मग समुद्रापलीकडे जावे. वही पहिल्या रात्रीपासून ठेवावी, आणि तिच्यात प्रश्नचिन्हांची लाज बाळगू नये. माझ्या वहीत नावांपेक्षा प्रश्नचिन्हेच अधिक आहेत, आणि ती मला नावांइतकीच प्रिय आहेत, कारण त्यातले प्रत्येक खरे आहे.

 येत्या हिवाळ्यात ज्यांना हौस असेल त्यांनी आठवड्यातून एक रात्र माझ्याकडे यावे. चहा मी करीन. रेडिओ तुम्ही फिरवा.